साखर मोजली, पण पाय कोणी पाहिले?

यात्रांचा हंगाम सुरू झाला की आपल्या जुन्नर-आंबेगावात गावोगावचे बैलगाडा घाट गजबजतात. ज्याच्या दावणीला शर्यतीचा बैल आहे, त्या माणसाला जरा जवळून पाहा. सकाळी उठल्यावर तो आधी गोठ्यात जातो. बैलाच्या अंगावरून हात फिरवतो, पाय उचलून खूर बघतो. खडा रुतला आहे का, भेग पडली आहे का, पाय टेकताना बैल अंग चोरतो का, हे सगळे तपासतो. कारण बैल बोलत नाही. दुखतंय म्हणून तो सांगायला येणार नाही, आपणच बघायचे, हे त्याला ठाऊक असते.

याच माणसाला मधुमेह असेल तर मी त्याला एक प्रश्न विचारतो. "तुम्ही स्वतःचे तळपाय शेवटचे कधी बघितले?" बहुतेक जण नुसते हसतात.

आजचा लेख त्या हसण्याबद्दल आहे. आणि माझ्या स्वतःच्या एका चुकीबद्दलही आहे.

"दुखलं असतं तर आलो नसतो का?"

कालव्याकाठच्या एका गावातले शेतकरी. वय पन्नाशीच्या पुढे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. सहा-सात वर्षांपासून मधुमेह. गोळ्या नियमित, साखर कधी १३०, कधी १६०. दर महिन्याला बाजाराच्या दिवशी माझ्याकडे येऊन शुगर तपासायची, गोळ्या लिहून घ्यायच्या आणि जायचे. पेशंट म्हणून अगदी शहाणा माणूस.

एक दिवस ते ताप घेऊन आले. तपासताना वास आला. बूट-मोजे काढायला लावले, तर उजव्या पायाची दोन बोटे काळी-निळी पडलेली आणि तळव्याला खोल जखम. टोमॅटोच्या मांडवाच्या तारेचा एक बारीक तुकडा गमबुटात पडला होता. त्यावर ते दोन दिवस चालत होते. टोमॅटोची तोडणी सुरू होती, बूट काढून बघायला वेळ कुणाला?

मी थोडा रागावलोच. "अहो, इतके दिवस काय करत होतात?"

ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, दुखलं असतं तर आलो नसतो का?"

पुण्याच्या रुग्णालयात त्यांची दोन बोटे काढावी लागली. पाय वाचला, पण जखम भरायला महिने गेले. तो हंगाम गेला, कर्ज वाढले, मुलाचे शिक्षण वर्षभर लांबले.

त्या रात्री मी त्यांचे जुने केसपेपर काढून पाहिले. साखरेचे आकडे ओळीने लिहिलेले होते. वजन होते, बीपी होते. पण इतक्या वर्षांत पायांबद्दल माझ्या अक्षरात एक ओळही नव्हती. मी त्यांना कधी बूट काढायलाच सांगितले नव्हते. चूक त्यांची होती त्याहून जास्त माझी होती.

माझे म्हणणे काय आहे?

आपल्याकडे मधुमेह म्हणजे साखर, आणि साखर म्हणजे बोटाला सुई टोचून आलेला आकडा, असे समीकरण झाले आहे. आकडा कमी आला की आनंद, जास्त आला की दोन दिवस भात बंद. पण माणसाचे नुकसान करतात ते डोळे, किडनी, पाय आणि हृदय यांच्यावर होणारे परिणाम. हे परिणाम सुरुवातीची कित्येक वर्षे अजिबात दुखत नाहीत, जाणवत नाहीत. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: ज्याला मधुमेह आहे त्याने काहीही त्रास नसताना वर्षातून एकदा डोळे, किडनी आणि पाय तपासून घेतलेच पाहिजेत. आणि जो डॉक्टर वर्षातून एकदाही तुमचे पाय बघत नाही, त्याला तुम्हीच आठवण करून दिली पाहिजे. अगदी मलासुद्धा.

द्राक्ष बागायतदारांना हे वेगळे समजावावे लागत नाही. डाऊनी पानावर दिसेपर्यंत थांबणारा बागायतदार त्या वर्षी बाग गमावतो. हवामान बघून, रोग दिसण्याआधीच तो फवारणी करतो. शरीराच्या बाबतीत मात्र आपण पान करपण्याची वाट बघत बसतो.

पाय: सगळ्यात स्वस्त तपासणी, सगळ्यात कमी होणारी

साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की नसा खराब होऊ लागतात. सुरुवात सगळ्यात लांबच्या नसांपासून, म्हणजे पायाच्या बोटांपासून होते. काहींना मुंग्या येतात, आग होते, कापसावर चालल्यासारखे वाटते. पण अनेकांना काहीच होत नाही, फक्त संवेदना हळूहळू जाते. जोडीला पायाचा रक्तपुरवठा कमी झाला असेल तर झालेली जखम लवकर भरत नाही. जखम कळत नाही आणि भरतही नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या की पाय धोक्यात येतो.

दवाखान्यात ही तपासणी १० ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या धाग्याने आणि कंप पावणाऱ्या ट्यूनिंग फोर्कने करतात. पायावरची नाडी हाताने बघतात. सगळे मिळून पाच मिनिटे लागतात.

घरीसुद्धा एक सोपी चाचणी करता येते. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी ती सुचवली. तिला कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्णाने डोळे मिटून झोपायचे. घरातल्या दुसऱ्या माणसाने दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटाने अगदी हलका स्पर्श करायचा. एक-दोन सेकंदच. दाबायचे नाही, घासायचे नाही, टोचायचे नाही. स्पर्श कळला की रुग्णाने "डावा" किंवा "उजवा" असे सांगायचे. एकूण सहा जागा होतात. त्यातल्या दोन किंवा जास्त जागी स्पर्श कळला नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असे समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

ही चाचणी नातवंड करू शकते, सून करू शकते, आशाताई करू शकतात. आंबेगावच्या पश्चिमेला किंवा जुन्नरच्या डोंगराळ पट्ट्यात, जिथून पावसाळ्यात दवाखाना गाठणे म्हणजे अख्खा दिवस जातो, तिथे तर ही चाचणी प्रत्येक वाडीवर व्हायला हवी.

संवेदना गेलेला पाय म्हणजे न बोलणारा बैल. त्याची काळजी अशी घ्या:

• रोज रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा.

• गमबूट, बूट, चप्पल काहीही घालण्याआधी उलटे करून झटका आणि आत हात फिरवून बघा. गमबुटात सुती मोजे घाला.

• अनवाणी चालू नका. घरातही साधी मऊ चप्पल वापरा. भात आवणीच्या दिवसांत पाय तासन् तास चिखलात राहतात. बाहेर आल्यावर धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

• थंडीत शेकोटीजवळ पाय शेकू नका. गरम पाण्याची पिशवी लावू नका, कढत पाण्यात पाय बुडवू नका. चटका बसला तरी तुम्हाला कळणार नाही. पाणी किती गरम आहे ते कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्याच्या हाताने बघा.

• कुरूप, भोवरी ब्लेडने कापू नका, त्यावर मेडिकलमधून आणलेली पट्टी लावू नका. नखे सरळ कापा, कोपऱ्यात खोल जाऊ नका.

• जखम, फोड, रंग बदलणे, किंवा न दुखता एक पाय सुजून गरम लागणे, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. हळद, चुना, झाडपाला लावून चार दिवस वाट बघू नका. आणि जखम असलेल्या पायावर भार देऊ नका. तोडणीच्या दिवसांत हे ऐकायला फार अवघड आहे, याची मला कल्पना आहे. पण ड्रेसिंग करून पुन्हा त्याच पायावर दिवसभर उभे राहिलात, तर जखम भरणार नाही.

देवदर्शनाबद्दलही स्पष्ट बोलतो. श्रावणात भीमाशंकरला, संकष्टीला ओझर-लेण्याद्रीला, वारीत आळंदी-पंढरपूरला आपण श्रद्धेने जातो. जरूर जावे. पण अनवाणी चालण्याचा नवस मधुमेहाच्या रुग्णाने बोलू नये. दुपारच्या तापलेल्या दगडावर पायाची साल निघते आणि संवेदना नसलेल्या माणसाला ते घरी आल्यावर कळते. दर्शन सकाळी लवकर घ्या, चप्पल काढायची तिथे जाड मोजे घाला. त्याने भक्ती कमी होत नाही.

डोळे: मोतीबिंदू कळतो, पडदा कळत नाही

डोळ्यांच्या बाबतीत आपला भाग नशीबवान आहे. नारायणगावला मोहन ठुसे नेत्र रुग्णालय उभे करणाऱ्या डॉ. मनोहर डोळे यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हातारपणी अंधूक दिसू लागले तर तो देवाचा कोप नाही, मोतीबिंदू आहे आणि तो काढता येतो, हे आज आपल्याकडच्या वाडीवस्तीवरच्या आजीलाही माहीत आहे. हे ज्ञान आपोआप आलेले नाही, त्यामागे अनेकांचे वर्षानुवर्षांचे कष्ट आहेत.

आता आपल्याला पुढची पायरी चढायची आहे. मोतीबिंदू झाला की माणसाला स्वतःलाच कमी दिसते, म्हणून तो येतो. मधुमेहात डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्यातून पाणी आणि रक्त झिरपते. हे होत असताना बरेच दिवस नजर अगदी स्वच्छ राहू शकते. पेपर वाचता येतो, मोटरसायकल चालवता येते. मग एक दिवस डोळ्यासमोर काळे जाळे येते. लेसर आणि डोळ्यातली इंजेक्शने आहे ती नजर टिकवण्यासाठी उत्तम आहेत, पण पूर्ण गेलेली नजर ती सहसा परत आणत नाहीत.

म्हणून टाइप २ मधुमेहाचे निदान झाले की लगेच, आणि नंतर दरवर्षी पडदा तपासायचा. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. पडद्यासाठी डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात, किंवा खास कॅमेऱ्याने फोटो काढतात. थेंब घातल्यावर काही तास अंधूक दिसते. त्यामुळे सोबत माणूस न्या आणि परत येताना गाडी स्वतः चालवू नका.

किडनी: क्रिएटिनिन नॉर्मल म्हणजे सगळे नॉर्मल नाही

"डॉक्टर, क्रिएटिनिन केलंय, नॉर्मल आलंय." हे वाक्य मी रोज ऐकतो. चांगले आहे, पण पुरेसे नाही. क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोपर्यंत किडनीचे बरेच काम कमी झालेले असू शकते. त्याच्या खूप आधी लघवीतून थोडे थोडे प्रथिन जाऊ लागते. ते पकडणारी तपासणी म्हणजे लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण. लॅबमध्ये 'युरिन एसीआर' म्हणून सांगा. हे प्रमाण ३० च्या खाली असावे. ३० ते ३०० म्हणजे किडनीने दिलेला पहिला इशारा. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असताना आकडा खोटा वाढू शकतो, म्हणून एकदा जास्त आल्यावर घाबरू नका, तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

या टप्प्यावर करण्यासारखे खूप आहे. रॅमिप्रिल, टेल्मीसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या लघवीतून जाणारे प्रथिन कमी करतात. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातली औषधे किडनीचे नुकसान मंदावतात. ती आता बऱ्याच कंपन्या बनवतात, त्यामुळे किंमतही पूर्वीपेक्षा उतरली आहे. ही औषधे स्वतःच्या मनाने घ्यायची नाहीत. उलट्या-जुलाब होत असतील किंवा कडक उपास असेल तर डॉक्टरांना विचारून ती काही दिवस थांबवावी लागतात.

आणि एक कळकळीची विनंती. कंबर दुखली की मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या, गुडघा दुखला की कुणाकडून तरी इंजेक्शन, आणि 'शुगर कायमची घालवणारी' बिननावाची पावडर, हे बंद करा. ऊसतोड, कांदा काढणी, पाठीवर ओझे, अंग दुखणारच. पण मधुमेह असलेल्या किडनीला या गोळ्या सतत घेणे परवडत नाही.

हृदय: छातीत दुखलेच पाहिजे असे नाही

मधुमेह असलेल्यांच्या मृत्यूचे सगळ्यात मोठे कारण हृदयविकार आणि रक्तवाहिन्यांचे आजार हेच आहे. नसांची संवेदना कमी झाली की हार्ट अटॅकही फारसा न दुखता येऊ शकतो. अचानक दम लागणे, दरदरून घाम येणे, जीव घाबरा होणे, 'ॲसिडिटी'सारखी जळजळ होणे, असे काही झाले तर सोडा पिऊन झोपू नका, लगेच ईसीजी काढा. चाळिशीनंतर बहुतेक मधुमेही रुग्णांना कोलेस्टेरॉलची गोळी फायद्याची ठरते. 'रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बंद केली' असे करू नका. तंबाखू, विडी आणि आपल्या बायाबापड्यांची मिसरी, ही सगळी रक्तवाहिन्यांची शत्रू आहेत. मिसरी फक्त दातांना लावतात म्हणून ती निरुपद्रवी होत नाही.

तुमच्या शंका आणि माझी उत्तरे

"मी बारीक आहे, दिवसभर शेतात राबतो. मला काय होणार?" पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. पण आपल्या लहानखुऱ्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त, असे दिसले. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबी. हे शरीर आपण जन्मतःच घेऊन येतो. त्यात आता पॉवर टिलर आहे, मोटरसायकल आहे, दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आहे. बारीक असणे हे मधुमेहापासून किंवा त्याच्या गुंतागुंतीपासून संरक्षण नाही.

"मला आताच तर शुगर निघाली आहे, इतक्यात कशाला?" कारण निदान होण्याआधी साखर कित्येक वर्षे गुपचूप वाढलेली असू शकते. इंग्लंडमध्ये १९७७ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नव्याने निदान झालेले ५,१०२ रुग्ण घेतले होते. त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांत निदानाच्या वेळीच शरीरावर मधुमेहाचे परिणाम दिसत होते.

"होणार असेल ते होईलच, नशीब!" त्याच अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात डोळे, किडनी यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी झाल्या. बीपी काटेकोर ठेवणाऱ्या गटात त्या ३७ टक्क्यांनी आणि पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाला. नशीब असेल, पण त्याचा मोठा भाग आपल्या हातात आहे. आणि बघा, बीपीची गोळी साखरेच्या गोळीइतकीच महत्त्वाची आहे. 'शुगरची चालू आहे, बीपीची सोडली' असे सांगणारे बरेच जण भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

"तपासण्या म्हणजे डॉक्टर-लॅबचा धंदा." ही शंका मला रास्त वाटते. म्हणून काय लागते आणि काय लागत नाही, दोन्ही सांगतो. सत्तर-ऐंशी तपासण्यांचे 'फुल बॉडी' पॅकेज तुम्हाला लागत नाही. लागतात त्या मोजक्या गोष्टी: तीन ते सहा महिन्यांनी एचबीए१सी; प्रत्येक भेटीत बीपी; आणि वर्षातून एकदा पायांची तपासणी, डोळ्याचा पडदा, युरिन एसीआर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल. मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल आणि पायाला मुंग्या येत असतील तर एकदा बी १२ जीवनसत्त्व बघावे, कारण या गोळीने ते कमी होऊ शकते. बस, एवढेच. द्राक्षबागेच्या एखाद-दुसऱ्या फवारणीच्या खर्चात वर्षाचे काम होते. सरकारी रुग्णालयात गेलात तर तोही खर्च बराच वाचतो.

बहुतेकांसाठी एचबीए१सी ७ च्या खाली आणि बीपी १३०/८० च्या खाली हे उद्दिष्ट असते. फार वयस्कर किंवा वारंवार साखर कमी होणाऱ्या रुग्णांत आम्ही ते थोडे सैल ठेवतो. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून विचारून घ्या.

शिबिरे भरवणाऱ्यांना एक विनंती

आपल्या दोन्ही तालुक्यांत शिबिरांची कमतरता नाही. वाढदिवस, जयंती, मंडळाचा वर्धापनदिन. मोठा फ्लेक्स, रांग, बोटाला सुई, एका चिठ्ठीवर आकडा. हेतू चांगला असतो, मी स्वतः अशा शिबिरांत बसलो आहे. पण रांगेतली बरीच मंडळी आधीपासूनच मधुमेहाची रुग्ण असतात. 'फुकट आहे तर बघू' म्हणून येतात आणि तोच आकडा घेऊन परत जातात.

मधुमेही शोधण्याचे काम महत्त्वाचे आहेच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पण तिशीपुढच्या सर्वांची साखर आणि बीपी तपासण्याचा कार्यक्रम सरकारी उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत आधीच चालू आहे. मग मंडळांनी तेच पुन्हा का करायचे?

माझी सूचना अशी: पाचशे जणांची साखर बघण्याऐवजी गावातल्या माहीत असलेल्या पन्नास मधुमेही रुग्णांना बोलवा. त्यांचे बूट-चपला काढा, पाय बघा, लघवीची एसीआर करा, पडद्याचा फोटो काढा. ज्यांच्यात दोष निघेल त्यांची यादी करा आणि महिन्याभरात ते पुढच्या उपचाराला पोचले की नाही याचा एकाने पाठपुरावा करा. फ्लेक्सवर आकडा छोटा दिसेल, पण त्या पन्नासांतल्या दोघांचे पाय वाचले तर ते शिबिर सार्थकी लागले.

तारीख ठरवा: गावची यात्रा

'वर्षातून एकदा' म्हटले की ते कधीच होत नाही. म्हणून एक न विसरणारी तारीख धरा. आपल्याकडे गावच्या यात्रेइतकी पक्की तारीख दुसरी नाही. शिवाय तेव्हा मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतात. मुंबईकर भावांनो, बहिणींनो, हे खास तुमच्यासाठी. यात्रेला येताना मिठाईचा बॉक्स आणू नका. एक दिवस आधी या आणि आई-वडिलांना पडद्याच्या तपासणीला घेऊन जा, नाहीतरी थेंब घातल्यावर त्यांना सोबत लागतेच. संध्याकाळी त्यांचे पाय मांडीवर घ्या आणि ती सहा बोटांची चाचणी करा. आईचे पाय विशेष बघा. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांची वेळ तिला पाठ असते, आणि स्वतःच्या पायाची भेग ती कुणाला दाखवत नाही.

ज्यांची बोटे गेली ते माझे रुग्ण आजही दर महिन्याला येतात. आता ते खुर्चीत बसण्याआधीच बूट काढतात. मी काही बोलण्याआधी पाय पुढे करतात आणि म्हणतात, "आधी हे बघा, साखर नंतर."

तुम्हीही पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांसमोर बूट काढा. त्यांनी सांगेपर्यंत थांबू नका. आणि आज रात्री झोपण्यापूर्वी, एकदा तरी, दोन्ही तळपाय उजेडात बघा.